सीमाभागातून जुन्या वस्तूंची ऑनलाइन विक्री : किंमत, गिऱ्हाईक आणि पार्सल

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागात राहून जुन्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्याला एक गोष्ट पहिल्याच महिन्यात कळते, ती ही की आपली गिऱ्हाइके एका भाषेत बोलत नाहीत आणि एका राज्यातही राहत नाहीत. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर, त्यामुळे तिथल्या विक्रेत्याची खरी बाजारपेठ पलीकडच्या राज्यात असते. अथणीचा माल मिरज-सांगलीकडे जातो, तर खानापूरच्या माणसाला बेळगावइतकीच गोव्याकडूनही विचारणा होते. मी बेळगावच्या शहापुरात राहून भांडी, मिक्सर, शिलाई मशीन, पुस्तके आणि कधीमधी एखादी वाजवायची पेटी म्हणजे हार्मोनियम विकते. जुन्या वस्तूच्या व्यवहारात भांडण किमतीवरून क्वचित होते, न सांगितलेल्या गोष्टीवरून मात्र हमखास होते, हा माझा अनुभव आहे आणि पुढची प्रत्येक पायरी त्यावरच आधारलेली आहे.

वस्तू हातात घेतल्यापासून

विक्रीची जाहिरात लिहिण्याआधी वस्तू पुसून, चालवून आणि मोजून घ्यावी. मिक्सर असेल तर रिकामा नव्हे, भिजवलेली डाळ घालून तीन मिनिटे चालवावा, म्हणजे मोटर तापते का, भांड्याच्या तळातून पाणी गळते का, हे कळते. शिलाई मशीनवर जाड आणि पातळ अशा दोन्ही कापडांवर टीप मारून त्या तुकड्यांचा फोटो काढावा. पेटीची प्रत्येक पट्टी दाबून पाहावी आणि कोणता सूर अडकतो किंवा बसलेला आहे, ते लिहून ठेवावे. हे करताना जे दोष सापडतात त्यांची एक यादी कागदावर करावी, कारण हीच यादी पुढे जाहिरातीत जाणार आहे.

जुना मोबाइल विकत घेऊन पुढे विकायचा असेल तर इथे अधिक सावध राहावे लागते. फोनवर *#०६# दाबल्यावर दिसणारा १५ अंकी आयएमईआय म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर तपासता येतो. इंग्रजीत केवायएम ही तीन अक्षरे, त्यापुढे एक जागा सोडून तो क्रमांक, असा संदेश १४४२२ वर पाठवूनही माहिती मिळते. क्रमांक काळ्या यादीत असेल किंवा दुसऱ्याच मॉडेलचा निघाला तर तो फोन कितीही स्वस्त मिळत असला तरी घेऊ नये. चोरीचा माल जाणूनबुजून, किंवा तो चोरीचा आहे असे मानायला कारण असताना, घेणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. म्हणून ज्याच्याकडून फोन घेतला त्याच्याकडून सहीची पावती आणि ओळखपत्राची प्रत घ्यावी. मूळ बिल मिळाले तर उत्तमच. स्वतःचा फोन विकत असाल तर आधी गूगल खाते फोनमधून काढून टाकावे आणि मगच फॅक्टरी रीसेट करावे. हा क्रम उलटा झाला तर घेणाऱ्याला तुमचा पासवर्ड मागण्यासाठी रात्री अकरा वाजता फोन करावा लागतो.

किंमत कशी काढावी

बहुतेक नवे विक्रेते त्याच वस्तूच्या चार जाहिराती पाहतात आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या आकड्याजवळ आपला आकडा लावतात. जाहिरातीत लावलेला आकडा म्हणजे कोणीतरी मागितलेली रक्कम असते, मिळालेली नव्हे. त्यापेक्षा तशाच पाच-सहा जाहिराती जतन करून आठवडाभर रोज पाहाव्यात. ज्या लवकर ‘विकले’ म्हणून निघतात त्यांचा आकडा खऱ्या भावाच्या जवळ असतो आणि ज्या महिनाभर तशाच पडून राहतात त्यांच्याकडे पाहू नये. सोबत ती वस्तू आज नवी केवढ्याला मिळते, तेही पाहावे. तीन वर्षांपूर्वी ४,००० रुपयांना घेतलेला मिक्सर आज दुकानात ३,२०० ला मिळत असेल तर गिऱ्हाईक ३,२०० पासूनच मोजणार आहे.

चालू स्थितीतल्या, फारशी झीज नसलेल्या घरगुती यंत्रासाठी मी आजच्या नव्या किमतीच्या निम्म्याखाली सुरुवात करते. तांब्या-पितळेच्या भांड्यांना हा हिशेब लागू पडत नाही. घागर, परात, बंब यांना मोडीचा भाव असतोच, त्यामुळे भांड्याच्या दुकानात वजन करून त्या दिवसाचा मोडीचा भाव विचारावा आणि तो आपला तळ समजावा. जुन्या घडणीचे, नाव कोरलेले, कल्हई टिकलेले भांडे त्याहून बरेच वर जाते, पण मोडीच्या खाली ते विकण्याचे काहीच कारण नाही. पेटीचे वेगळेच असते. चांगल्या सुरांची आणि नीट राखलेली पेटी वयाने स्वस्त होत नाही, म्हणून ती विकण्याआधी एखाद्या वाजवणाऱ्याला दाखवून त्याचे मत घ्यावे.

यानंतर तीन आकडे वहीत लिहावेत: जाहिरातीत लावायचा, मनातून मान्य असलेला आणि ज्याखाली उतरायचे नाही असा. तिसरा आकडा काढताना हाती काय उरणार ते पाहावे. समजा, मिक्सर ८०० रुपयांना घेतला, भांड्याच्या झाकणाचे रबर आणि वायर बदलायला १५० रुपये लागले आणि खोके, बबल शीट, चिकटपट्टी यांना ७० रुपये गेले. इथेच १,०२० रुपये झाले. तो १,२०० ला दिला तर १८० रुपये उरतात, आणि त्यात पुसण्यापासून पोस्टात जाण्यापर्यंतचे दोन तास आहेत. ज्या वस्तूत दोनशे रुपयेसुद्धा उरत नाहीत ती दूर पाठवूच नये, गावातच द्यावी, असे माझे मत आहे.

पाठवणीचा खर्च किमतीत मिसळू नये. ‘वस्तू १,४०० रुपये, पाठवणी पिनकोड कळल्यावर वेगळी’ असे स्पष्ट लिहिले की घासाघीस फक्त वस्तूवर होते. पाठवणीवर सूट द्यायला सुरुवात केली की तो तोटा कुठे थांबेल ते सांगता येत नाही.

भाव हंगामानेही हलतो आणि आपल्या भागात हंगाम दोन असतात. कर्नाटकातल्या शाळा मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात, तर महाराष्ट्रातल्या जूनच्या मध्यावर. त्यामुळे दप्तर, सायकल, अभ्यासाचे टेबल यांची मागणी कर्नाटकात ओसरू लागली की महाराष्ट्रात चढते, आणि जी सायकल २० मेला बेळगावात गेली नाही ती १० जूनला चंदगड किंवा गडहिंग्लजला जाऊ शकते. पाठ्यपुस्तकांना मात्र ही सोय नाही. बेळगावच्या मराठी माध्यमाच्या शाळेतले पुस्तक कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाचे असते, ते महाराष्ट्रातल्या बालभारतीच्या पुस्तकाच्या जागी चालत नाही. जाहिरातीत इयत्ता, माध्यम, राज्य आणि छपाईचे वर्ष ही चारही लिहावीत. अभियांत्रिकीच्या पुस्तकांना विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाची कोणती स्कीम म्हणजे कोणत्या वर्षीचा अभ्यासक्रम, २०१८, २०२१ की २०२२, हे लिहिले नाही तर पहिला प्रश्न तोच येतो.

जाहिरात आणि बोलणे

फोटो दिवसाच्या उजेडात, साध्या चादरीवर घ्यावेत. एक पूर्ण वस्तूचा, एक मॉडेल व अनुक्रमांकाच्या पट्टीचा आणि प्रत्येक दोषाचा एकेक जवळून काढलेला. पोचा, ओरखडा, तडा यांच्या शेजारी रुपयाचे नाणे ठेवले की आकार कळतो. शक्य असेल तिथे चालू स्थितीतला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जोडावा.

मजकूर मराठीत लिहून खाली चार ओळी कन्नडमध्येही द्याव्यात. बेळगाव शहरातले निम्मे फोन मला ‘लास्ट एष्टु री?’ म्हणजे ‘शेवटचे किती हो?’ असेच येतात. त्या माणसाला दोष समजला नाही आणि वस्तू नेल्यानंतर समजला तर त्याची तक्रार रास्त ठरते. स्वतःला कन्नड लिहिता येत नसेल तर शेजाऱ्याकडून एकदा नमुना लिहून घ्यावा: वस्तू, दोष, किंमत, पाठवणी वेगळी. बोलताना ‘री’ लावून आदराने उत्तर द्यावे, मराठी गिऱ्हाइकाला ‘अहो’ म्हणावे. वयाने मोठ्या बाईंना काकू किंवा ‘अक्का’ म्हटले की बोलणे सोपे होते. भाषेवरून गिऱ्हाईक निवडू नये, आणि सीमाप्रश्नावर बोलणे सुरू झाले तरी विक्रीच्या संभाषणात ते पुढे नेऊ नये.

पहिल्याच संदेशात ‘शेवटचे किती?’ असे विचारणाऱ्याला मी तळाचा आकडा कधीच सांगत नाही. ‘तुम्ही दोष वाचलेत का, आणि कोणत्या गावाला हवे आहे?’ असा उलट प्रश्न करते. खरे गिऱ्हाईक गाव सांगते. गाव कळल्यावर पाठवणी धरून एकूण रक्कम सांगता येते आणि बोलणे तिथून नीट पुढे जाते. वस्तू राखून ठेवा म्हणणाऱ्याकडून विसार घ्यावा, वस्तूच्या किमतीच्या दहा टक्के तरी, आणि तो किती दिवसांसाठी आहे व न नेल्यास परत मिळणार की नाही, हे त्याच संभाषणात लिहावे. विसाराशिवाय शब्दावर वस्तू राखली की चांगले गिऱ्हाईक जाते. नात्यातल्या किंवा ओळखीच्या माणसाला उधारीवर द्यायची असेल तर तीही तारीख घालून लिहावी, यात संकोच करू नये.

पैसे

यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना टाकावा लागतो, घेताना कधीही लागत नाही. घरातल्या ज्या ज्या व्यक्तीच्या हातात विक्रीचा फोन जातो तिला हे पाठ असले पाहिजे. ‘क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे जमा होतील’ असे म्हणणारा माणूस पैसे काढून घ्यायला आलेला असतो. सुरुवातीला विश्वासासाठी पाच रुपये खरेच पाठवतो, मग ‘चुकून जास्त गेले, परत करा’ म्हणतो. पैसे जमा झाल्याचे चित्र किंवा आलेला एसएमएस हा पुरावा मानू नये. बँकेच्या ॲपमध्ये स्वतः शिल्लक पाहावी. कोणी फोनचा पडदा दाखवणारे ॲप उतरवायला सांगितले तर संभाषण तिथेच थांबवावे.

आपल्या भागात एक सोंग विशेष चालते. समोरचा माणूस स्वतःला लष्करातला म्हणवतो, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवतो, बदली झाल्याने लगेच सामान हवे आहे असे सांगतो आणि भाव न करता पूर्ण किमतीला तयार होतो. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र आहे, कॅम्प भागात जवान रोज दिसतात आणि गावोगावच्या घरांतली मुले सैन्यात आहेत, म्हणून आपला विश्वास चटकन बसतो. खरा जवान जवळ राहत असेल तर वस्तू पाहायला येतो किंवा कोणाला तरी पाठवतो. न पाहता, न घासाघीस करता आणि क्यूआर कोडच्या आग्रहाने येणारे गिऱ्हाईक कोणत्याही गणवेशात असले तरी नाकारावे.

फसवणूक झालीच तर लाज वाटून थांबू नये. १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करावा, कारण पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते. व्यवहार क्रमांक, समोरच्याचा फोन नंबर आणि संभाषणाची चित्रे जपून ठेवावीत आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवावी.

समोरासमोर देताना दिवसाची वेळ आणि वर्दळीची जागा निवडावी. बसस्थानक किंवा रेल्वे स्थानकासमोर भेटणे दोघांनाही सोयीचे पडते. वस्तू तिथेच चालवून दाखवावी आणि पैसे खात्यात दिसल्यावरच हातात द्यावी.

बांधणी आणि पाठवणी

पार्सलचे शुल्क नुसत्या वजनावर ठरते असे समजून मी सुरुवातीला बरेच पैसे घालवले. खोके मोठे आणि हलके असेल तर आकारमानाचे वजन धरले जाते: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५,००० ने भागतात. साडेचार किलोचा मिक्सर ४० × ३० × ३० च्या खोक्यात घातला तर ३६,००० भागिले ५,००० म्हणजे ७.२ किलोचे शुल्क पडते. तोच मिक्सर भांडी वेगळी गुंडाळून ३४ × २६ × २८ च्या खोक्यात बसवला तर साधारण ४.९५ किलो होतात. भागाकाराचा आकडा कुरियरनुसार बदलतो, तो आधी विचारावा. खोके बांधूनच वजन-माप करावे आणि मगच गिऱ्हाइकाला पाठवणीची रक्कम सांगावी.

पुस्तकांसाठी टपाल खात्याची ज्ञान पोस्ट ही सेवा १ मे २०२५ पासून सुरू आहे. ३०० ग्रॅमपासून ५ किलोपर्यंत पाठ्यपुस्तके आणि सामाजिक, सांस्कृतिक व धार्मिक पुस्तके तीतून जातात. दर २० रुपयांपासून १०० रुपयांपर्यंत, कर वेगळा, आणि पार्सल कुठे पोहोचले ते पाहता येते. ती जमिनीवरून जाते, त्यामुळे घाईच्या गिऱ्हाइकाला स्पीड पोस्ट सुचवावे. शिलाई मशीन, सायकल, कपाट यांना ट्रान्सपोर्ट बरे. त्यात ‘टू पे’ म्हणजे घेणाऱ्याने भाडे भरण्याची सोय असते, पण ते करताना माल सोडवण्याची जबाबदारी कोणाची आणि तो गोदामात पडून राहिल्यास भाडे कोण भरणार, हे लिहून घ्यावे. बिल्टीचा म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो लगेच पाठवावा. एसटीने पार्सल द्यायचे तर पार्सल खिडकीवर पावती घेऊनच द्यावे, ओळखीच्या चालकाच्या हाती नव्हे. हरवले तर विचारायला जागा राहत नाही.

बस आणि ट्रकच्या तारखा देताना सीमेवरच्या वातावरणाचा अंदाज घ्यावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन्ही राज्यांमधल्या बसफेऱ्या काही दिवस थांबल्या होत्या. १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि मराठी भाषकांच्या काळ्या दिनाच्या आसपास, आणि डिसेंबरमध्ये बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना ‘उद्या नक्की मिळेल’ असा शब्द मी कोणाला देत नाही.

बांधणीत पाऊस हा पहिला शत्रू आहे. जून ते सप्टेंबर खानापूरच्या बाजूला आणि घाटात पुठ्ठा दोन तासांत मऊ पडतो. आधी वस्तू प्लास्टिकमध्ये पूर्ण गुंडाळावी, मग खोक्यात घालावी आणि खोक्यालाही बाहेरून प्लास्टिक लावावे. मिक्सरची भांडी एकात एक घालू नयेत. शिलाई मशीनचे डोके आणि स्टँड वेगळे करावेत, तेल पुसून काढावे, सुई आणि बॉबिन काढून छोट्या डबीत ठेवावीत. पेटीच्या भात्याची कडी लावून आतल्या फटीत कापड भरावे, पट्ट्यांवर जाड फोम ठेवावा आणि खोक्यावर ‘उलटे ठेवू नये’ असे इंग्रजी, मराठी व कन्नड अशा तिन्ही भाषांत लिहावे. खोके हातात हलवल्यावर आतून आवाज येत असेल तर ते उघडून पुन्हा भरावे. पॉवर बँक आणि सुटी लिथियम बॅटरी पाठवण्यावर, विशेषतः हवाई मार्गाने, निर्बंध असतात, म्हणून त्या न सांगता खोक्यात सरकवू नयेत.

पत्ता लिहिताना आपल्याकडची गावे फसवतात. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द ही दोन वेगळी गावे आहेत, आणि पत्त्यात नुसते ‘कंग्राळी’ लिहिले की पार्सल फिरत राहते. शहापूर बेळगावात आहे, यादगीर जिल्ह्यात आहे आणि ठाणे जिल्ह्यातही आहे. म्हणून गाव, तालुका, जिल्हा, राज्य आणि पिनकोड गिऱ्हाइकाकडूनच लिहून घ्यावा, आपण ऐकून लिहू नये. पत्ता इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि पार्सल महाराष्ट्रात जात असेल तर खाली देवनागरीतही. एक जादा चिठ्ठी खोक्याच्या आतही ठेवावी.

सीमा ओलांडणारा माल आणि जीएसटी

घरातली स्वतःची वापरलेली वस्तू कधीतरी विकणे हा व्यवसाय नाही. पण खरेदी करून नियमित विकणाऱ्याने हे समजून घ्यावे: कर्नाटकातल्या कर्नाटकात वस्तू विकताना नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख रुपयांची आहे, तर करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकताना केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम २४ प्रमाणे उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी लागते. म्हणजे निपाणीहून कोल्हापूरला मिक्सर पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला जो नियम आहे तो निपाणीहून बिदरला पाठवणाऱ्याला नाही. छापील पुस्तके करमुक्त असल्याने त्यांना ही अडचण येत नाही, आणि नव्याने सुरू करणाऱ्याने पुस्तकांपासून सुरुवात करावी असे मी सांगते त्याचे हेही एक कारण आहे. नोंदणी केल्यावर जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला, खरेदीवर भरलेल्या कराची वजावट (क्रेडिट) घेतली नसेल तर, केंद्रीय जीएसटी नियमांतल्या नियम ३२(५) प्रमाणे फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर कर भरता येतो. यासाठी प्रत्येक वस्तूची खरेदी पावती हवी. वर्षाच्या सुरुवातीलाच कर सल्लागाराला विचारावे.

तक्रार आली तर

माझा एक मिक्सर गडहिंग्लजला झाकण फुटलेल्या अवस्थेत पोहोचला होता. पाठवताना मी बांधणीचा व्हिडिओ काढला नव्हता, त्यामुळे ते झाकण वाटेत फुटले की आधीच फुटलेले होते, हे मला कुरियरलाही पटवता आले नाही आणि त्या बाईंनाही नाही. झाकणाचे पैसे मी दिले. तेव्हापासून वस्तू चालू करणे, अनुक्रमांक दाखवणे, खोक्यात घालणे आणि पट्टी मारणे हे सलग एकाच व्हिडिओत घेते, आणि गिऱ्हाइकालाही खोके उघडताना व्हिडिओ घ्यायला आधीच सांगते.

तक्रार आली की आधी फोटो मागवावा आणि आपल्या दोषांच्या यादीशी ताडून पाहावा. दोष यादीत असेल तर ती ओळ नम्रपणे दाखवावी. यादीत नसेल आणि चूक आपली असेल तर दोन पर्याय द्यावेत: वस्तू ठेवून काही रक्कम परत, किंवा वस्तू परत आणि पूर्ण रक्कम परत, येण्याचे भाडे आपल्याकडे. परत आलेले खोकेही व्हिडिओ घेतच उघडावे, अनुक्रमांक जाहिरातीतल्या फोटोशी जुळतो का ते पाहावे, वस्तू चालवून बघावी, आणि त्याच दिवशी पैसे पाठवून व्यवहार क्रमांक गिऱ्हाइकाला कळवावा.